धीराची बाई

गेटातून आत शिरताना कोमलला समोर कोमलच दिसली. सिक्युरिटीच्या टेबलाशेजारी, पाण्याच्या कूलरला पाठ लावून उभी, पुठ्ठ्याची, जवळजवळ खऱ्या उंचीची आणि चांगली बत्तीशी दाखवून हसणारी. पायाशी सोनेरी इंग्रजी अक्षरं: आमची रेझिलियन्स स्टार, कोमल नाखवा. खरी कोमल डब्याची पिशवी हातात धरून जागच्या जागी थबकली. मागून कुणीतरी "अगं बाई, हिरोईनच की गं तू!" म्हणालं आणि तिच्या खांद्यावर थाप मारून पंचिंगला पळालं. कोमलच्या अंगातून एक कळ निघाली ती थेट दाढेत जाऊन बसली. हा फोटो कधीचा? दिवाळीच्या फराळाचा. कुणाच्या तरी घरची चकली इतकी कडक निघाली होती की बिलिंगच्या साहेबांनी ती टेबलावर पेपरवेटने फोडली, आणि सगळ्यांबरोबर तीही खो खो हसली होती. कल्पेश गेल्यापासून पहिल्यांदा. त्या रात्री हसल्याची लाज वाटून ती जेवली नव्हती. मेल्यांनी नेमकं तेवढंच टिपलं होतं, मोठं केलं होतं, कडेने कापून पुठ्ठ्याला चिकटवलं होतं. जागेवर जाऊन बसल्यावर तिने मोबाईलवर 'रेझिलियन्स' या शब्दाचा अर्थ काढला. रबर, स्प्रिंग, उशी, असली उदाहरणं होती. दाबलं की दबतं, सोडलं की होतं तसं होतं. कुणी दाबलं, त्याबद्दल तिथे चकार शब्द नव्हता.

तसं पाहिलं तर तिने हे स्वतःच ओढवून घेतलं होतं. कल्पेश याच कंपनीच्या कंटेनर यार्डात होता. क्रेनचा हूक लावायला कंटेनरच्या टपावर चढणाऱ्या माणसांपैकी एक. गेल्या एप्रिलात तो वरून पडला. कंपनीने दवाखान्याचं केलं, अंत्यविधीचं केलं, बायकोला डॉक्युमेंटेशनमध्ये खुर्ची दिली, आणि अहवालात एक ओळ लिहिली: सेफ्टी बेल्ट न लावता चढला, ह्यूमन एरर. झालं. एका ओळीत नवऱ्याला निकालात काढलं. कोमलला त्या कंपनीकडून दुसरं काहीही नको होतं. ती ओळ तेवढी पुसून हवी होती. कारण कोळ्याच्या घरात माणूस मरतो, ते लोक समजून घेतात. दर्या आहे, वारा आहे. पण बेसावध होता म्हणून मेला, हे बोलणं चितेवरच्या माणसाला लाथ मारल्यासारखं असतं. उरणला, सासरच्या ओट्यावर, कल्पेशच्या सख्ख्या चुलत्यानेच विडी झाडत म्हटलं होतं, "पोरगा चांगला व्हता, पन ध्यान नवतं त्याचं." त्या दिवशी सासू, गुणाबाई, बोचकं बांधून कोमलकडे रोडपालीला आली ती आजतागायत गावाला फिरकली नव्हती. ध्यान नव्हतं म्हणे! गॅसचं बटण झोपायच्या आधी दोनदा बघणारा माणूस. कुलूप लावलं की ओढून बघणारा, जिन्यावरून परत वर जाऊन पुन्हा ओढून बघणारा. कोमल त्या सवयीवर वैतागायची, लग्नांना उशीर व्हायचा त्यापायी. आता ती त्या ओळीबद्दल एचआरच्या दीपेश सरांकडे जायची, आणि दीपेश सर दर वेळी तिला बसवून, पाणी देऊन, हात जोडून सांगायचे, "कोमलजी, ये सेन्सिटिव्ह मॅटर है." गेल्या महिन्यात त्यांचा सूर जरा मऊ झाला. वार्षिक कार्यक्रम आहे, हेड ऑफिसहून पाहुणे येतायत, तुम्ही पाच मिनिटं इंग्रजीत बोला, आपली जर्नी सांगा, कल्पेशच्या आईंचाही सत्कार करू. आणि ती ओळ? "प्रोग्रॅम हो जाने दो. फिर बैठते हैं." ती हो म्हणाली. सौदा आहे हे दोघांनाही कळलं होतं, आणि दोघांनीही तसं तोंडावर दाखवलं नाही.

इंग्रजीसाठी तिला फरहाच्या हवाली केलं होतं. फरहा पनवेलचीच, मुसलमान मोहल्ल्यातली. पंचविशीची पोर, ऑफिसातल्यांना आणि ड्रायव्हरांना इंग्रजी शिकवायला आठवड्यातून दोनदा यायची. तिच्याकडे प्लास्टिकमध्ये मढवलेली रंगीत कार्डं होती. एकेका कार्डावर एकेक शब्द. कोपिंग. सेटबॅक. बाउन्स बॅक. इनर स्ट्रेन्थ. क्लोजर. जुन्या फायलींच्या खोलीत दोघी समोरासमोर बसायच्या आणि फरहा पत्ते पिसावेत तशी ती कार्डं पिसायची.

"दीदी, सुरुवात अशी करू. आय लॉस्ट माय हजबंड."

"हरवला नाही तो," कोमल म्हणाली. "दर्यात जातो आणि सापडत नाही, त्याला आमच्यात हरवला म्हणतात. माझा सापडला होता. मी बघितलाय."

फरहाने कार्ड खाली ठेवलं. "असं म्हणायची पद्धत आहे, दीदी. सॉफ्ट वाटतं ऐकणाऱ्याला."

"ऐकणाऱ्याला कशाला सॉफ्ट वाटायला पाहिजे?"

या पोरीचा काही दोष नव्हता, हे कोमलला कळत होतं. कळूनही तिला तिचा राग यायचा. तिच्या नीट टाचलेल्या ओढणीचा, 'व्हेरी गुड' म्हणण्याचा, प्रत्येक शब्दाआधी घसा खाकरण्याचा राग. घरी येताना रिक्षात ती ते शब्द पुटपुटायची आणि तोंडात काहीतरी पिठूळ आल्यासारखं वाटायचं. सेटबॅक म्हणजे काय, तर अडथळा, माघार. क्रिकेटमध्ये विकेट गेली की म्हणतात तो. मूव्ह ऑन म्हणजे पुढे चला, बसमध्ये कंडक्टर म्हणतो ते. आणि मराठीतले शब्द तरी काय मोठे दिवे लावत होते? दवाखान्यात, स्ट्रेचरवरची चादर अजून नीट ओढलीही नव्हती, तेवढ्यात एक नर्स म्हणाली, "धीर धरा." तिथून सुरू झालं. धीर धर. काळ हेच औषध. देवापुढे कुणाचं चाललंय. शेजारपाजारच्या बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या, "धीराची हो बाई," आणि त्यात निम्मं कौतुक, निम्मा संशय असायचा. एवढी कशी धीराची? रडत कशी नाही? आता हे खरं की त्या बायकांनी तेरा दिवस चूल पेटू दिली नाही. कुणी पेज आणली, कुणी चहा. पाठीवर हात ठेवूनच त्या बोलायच्या, आणि त्यांच्या हाताला लसणाचा वास असायचा. शब्द फुकाचे होते, हात फुकाचा नव्हता. या इंग्रजी शब्दांना हातच नव्हता. ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून आले होते आणि तिने ते पाठ करून स्टेजवर परत करायचे होते, कंपनीचे कंपनीला.

ती खरंच रडली नव्हती. रडायला बसली की तिला ती ओळ आठवायची, आणि रडण्याच्या जागी संताप यायचा. तो संताप इतका कोरडा असायचा की डोळे आणखी वाळायचे. तिचं माहेर पनवेल शहरातलं, बापाचा मासळीचा धंदा, पण पोरीला बी.कॉम. केलेलं. मोठ्याने रडणं तिच्या घरात कुणाला येतच नसे. गुणाबाईला यायचं. गुणाबाईचं रडणं म्हणजे गावाकडचं, हेल काढून, नाव घेऊन. सुरुवातीला रोडपालीच्या त्या बिल्डिंगमध्ये दुखवट्याला कुणी आलं की गुणाबाई सुरू व्हायची आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी बाल्कनीत येऊन वाकून बघायचं. कोमलला त्या बघणाऱ्याचे डोळे फोडावेसे वाटायचे, आणि त्याच वेळी आईने जरा हळू रडावं असंही वाटायचं. एकदा तिने फरहाला विचारलं होतं, "तुमच्यात कुणी गेलं तर काय म्हणतात गं?"

"इन्ना लिल्लाही म्हणतात. मग सब्र, म्हणजे धीरच," फरहा म्हणाली. मग हसली. "अब्बा गल्फमध्ये होते माझे, मला समजायला लागलं तेव्हापासून. अम्मीने एकटीने सगळं काढलं. तिला मी हे रेझिलियन्ट वगैरे म्हटलं असतं ना दीदी, तर चप्पल फेकून मारली असती तिने."

"मग मला कशाला शिकवतेस?"

फरहाने कार्डं रबरात घातली. "मला याचेच पैसे मिळतात," ती म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा कोमलला ती थोडीशी आवडली. थोडीशीच.

सत्काराचं कळल्यावर गुणाबाई आधी फणकारली. "वर्स झालं नाय पोराचं, आन् मी शाल घ्यायाला जाऊ? मना येरं लागलंय?" मग दोन दिवस तिने विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी निर्लीची मासळी सोलता सोलता म्हणाली, "मी येतंय. बगतंय त्यांची तोंडां." कोमलने तिला बजावलं, आई, तिथे काही बोलायचं नाही, कल्पेशचं नाव त्या ओळीतून सुटायचं आहे. "मी कशाला बोलतंय? मना विंग्रजी येतंय काय?" गुणाबाई म्हणाली आणि सुरीने निर्लीचं डोकं उडवलं.

हॉल पनवेलमधलाच, हायवेलगतच्या एका हॉटेलातला. दारात अत्तर शिंपडायला पोरी, खुर्च्यांना पांढरे अंगरखे, एसी असा की गुणाबाईने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. पुढच्या रांगांत हेड ऑफिसचे पाहुणे, कुणी दिल्लीकडचे, कुणी बाहेरदेशचे. मध्ये ऑफिसचा स्टाफ, तिसऱ्या रांगेत कडेला फरहा. मागे यार्डातली माणसं, उरणची, नेऱ्याची, इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसलेली. कोमल स्टेजच्या कोपऱ्यात माईक धरून उभी होती. आईचा सत्कार, लगेच तिचं भाषण. तोंडात पहिलं वाक्य तयार होतं, आय लॉस्ट, आय लॉस्ट. तिला घाम फुटला होता आणि त्या घामाचाही राग येत होता. ती बोलेल, हे टाळ्या वाजवतील, मग जेवण, मग कदाचित ती ओळ पुसतील. आणि कल्पेशचं मरण यांच्या भिंतीवर चौकटीत लागेल, तिच्या सहीनिशी. दीपेश सर माईकवर म्हणत होते की आईंना शाल देतील कल्पेशचेच सीनियर, यार्ड सुपरवायझर कमलाकर भोपी. त्यांना वाटलं असणार, केवढी जिव्हाळ्याची कल्पना सुचली! कल्पेशच्या घरचं माणूस, कल्पेशच्या कामावरचं माणूस, फोटो छान येईल.

मागच्या रांगांत चुळबुळ झाली. कारण तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, दीपेश सरांना सोडून, की कमलाकर दुखवट्याला आला नव्हता. अख्खं यार्ड येऊन गेलं होतं. क्रेनवाला आला, वॉचमन आला, कॅन्टीनवाला आला. नेऱ्याचा कमलाकर, ज्याला कल्पेश दादा म्हणायचा, तो मात्र आला नव्हता. आणि त्या गावांकडे एक रीत असते. मयतानंतर ज्याची पहिली भेट होते, त्याच्या गळ्यात पडून आधी रडायचं, मग बाकीचं. बाजार असो, लग्नाचा मांडव असो, जागा बघायची नाही. नुसतं रडायचंही नाही, रडत रडत सगळं बोलायचं, मनातलं, मयताच्या नावाने. त्या बोलण्याला उलट उत्तर नसतं. समोरच्यानेही जे खरं असेल तेच बोलायचं. आणि जे बोललं जातं ते तिथेच राहतं, रडण्यातलं बोलणं कुणी ओट्यावर नेत नाही. कमलाकर ही भेट इतके महिने चुकवत होता, आणि कंपनीने त्याला शाल हातात देऊन गुणाबाईसमोर उभा केला होता.

कमलाकर पुढे आला. त्याने शाल उघडली. गुणाबाईने त्याच्याकडे वर पाहिलं, आणि पुढच्या क्षणी तिने त्याच्या गळ्यात हात टाकला आणि सूर काढला. "आरं माज्या कल्पेशा रं... तुजा कमलाकर दादा आलाय रं... तू बोलायचास, आये, दादा हाय तवर मना काय नाय होनार... तुला नाव ठेवलान् रं राजा, बेसावध बोललान्... दोन येला कुलूप बगनारा माजा पोर, आन् पट्टा ईसरंल कसा रं..." एसीच्या त्या गार हॉलमध्ये तो सूर छताला जाऊन लागला. पाहुण्यांपैकी एका बाईने डोळ्यांना रुमाल लावला. फोटोवाला गुडघ्यावर बसला. आणि कमलाकर, सहा फुटी धिप्पाड माणूस, गुणाबाईच्या पायाशी बसला आणि त्याच सुरात बोलायला लागला. "काकी गो, पट्टे नवतेच गो... सगले पट्टे दुसऱ्या यार्डात नेलेले, तपासनीचे साहेब येनार व्हते त्यांना दाखवाया... तो बोलला, दादा, पट्टा नाय, कसा चडू... मना वरशी फोन आल्ता, गाडी सोड, गाडी सोड... मीच बोललू, चड रं, मी हाय ना... त्याची काय चूक नवती गो काकी, मीच चडवला त्याला..."

 मागच्या रांगांत माना खाली गेल्या होत्या. आणि पुढच्या रांगेतून टाळी वाजली. आधी एक, मग चार, मग सगळ्या. पाहुणे उठून उभे राहून टाळ्या वाजवत होते. दीपेश सर ओलसर आवाजात म्हणाले, "फ्रेंड्स, धिस इज हीलिंग."

टाळ्या! कोमलच्या कानांत त्या गरम तेलासारख्या शिरल्या. मीच चढवला त्याला, यावर टाळ्या. पट्टे नव्हते, यावर टाळ्या. नऊ-दहा महिने ती ज्या एका गोष्टीसाठी हात जोडत फिरली, ती गोष्ट इथे, यांच्या नाकासमोर, मोठ्याने सांगून झाली होती, आणि यांना त्यात फक्त गाणं ऐकू आलं होतं. तिला रीत माहीत होती. कमलाकरचं नेऱ्याचं घर अर्धं बांधून झालंय, त्याची पोरगी नर्सिंगला आहे, हेही माहीत होतं. ते सगळं तिच्या मनात एकदा स्वच्छ दिसलं, आणि ते बघूनच तिने माईक तोंडाजवळ नेला.

"सर, शी इज नॉट सिंगिंग," ती म्हणाली. "प्लीज सिट. आय विल टेल व्हॉट धिस मॅन सेड."

टाळ्या विरत गेल्या. पाठ केलेलं एकही वाक्य तिला आठवेना आणि लागलंही नाही. लहान लहान शब्द येत होते, शाळेतले. हिज नेम इज कमलाकर भोपी. ही वॉज सुपरवायझर. ही सेज, देअर वॉज नो बेल्ट. माय हजबंड आस्क्ड फॉर बेल्ट. ही सेज, ऑफिस कॉल्ड, सेंड द ट्रक. ही सेज, आय सेंट हिम अप. पट्टे दाखवायला नेले होते, इथे ती अडली. "दे टुक ऑल बेल्ट्स टू... टू..." दीपेश सर हात पुढे करून तिच्याकडे येत होते, "कोमलजी, इमोशनल मत होइए," आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून फरहा उभी राहिली. ओढणी घट्ट धरून, घसा खाकरून म्हणाली, "टू शो द ऑडिटर्स. दे टुक देम टू शो द ऑडिटर्स."

"येस," कोमल म्हणाली. "टू शो. अँड यू रोट, ह्यूमन एरर. हिज एरर."

रुमालवाल्या बाईने रुमाल खाली घेतला आणि दीपेश सरांना हळू आवाजात विचारलं, अहवालात खरंच तसं आहे का. दीपेश सर म्हणाले, बघतो. ती म्हणाली, बघू नका, दुरुस्त करा, उद्या मला पाठवा. एवढं सगळं, एवढं सोपं. दोघे सिक्युरिटीवाले कमलाकरला दंडाला धरून बाजूच्या दाराने घेऊन गेले. जाताना त्याने कोमलकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. मागच्या रांगेतली माणसं एकेक उठून बाहेर पडत होती, आणि यार्डातल्या एकानेही तिच्याकडे मान वर करून बघितलं नाही.

घरी जाताना रिक्षात गुणाबाई शालीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. कोमलच्या छातीत काहीतरी धडधडत होतं आणि तो आनंदच होता, उघडानागडा आनंद. तो लपवायची तिला गरज वाटली नाही.

"आई, सुटलं कल्पेशचं नाव. उद्या ती ओळ काढतील."

"सुटलं गो." गुणाबाई रस्त्याकडे बघत म्हणाली. "आन् त्याला कामावरशी काढतील."

"काढू देत. त्याने चढवला ना?"

"त्यानी चडवला. त्यानी मना सांगितलान् पन. मी त्याला माफ नाय केला, पन माज्या गल्यात पडून सांगितलान्. तू रडन्यातलं बाहेर काडलंस." ती वळली. तिचे डोळे अजून सुजलेले होते आणि त्यांत कोमलसाठी जरासुद्धा माया नव्हती. "आता आपल्या दारान रडाया कोन येल गो?"

"नको येऊ देत," कोमल म्हणाली.

गुणाबाईने शालीची पिशवी उचलून दोघींच्या मध्ये ठेवली आणि ती रिक्षाच्या कडेला सरकून बसली.